आधी सांगितलेलं बरं

चार माणसं दर रविवारी चहाला जमायला लागली की किस्से साठतातच. आमच्याकडंही साठले. फरक एवढाच की ते चौघांच्या बाहेर कुठं सांगता येत नव्हते. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लोक आपापल्या गमती सांगायचे आणि मी खाली बघून हसायचो. आता बरीच वर्षं झाली, औषधं आली, चौघांतला एक जण राहिलाही नाही. म्हणून सांगतो.

चौघं म्हणजे कडेगावकडचे ट्रक ड्रायव्हर बाळूअण्णा, एसटीचा कंडक्टर कांबळे, एका फौजीची तरुण विधवा शालन, आणि मी दिलीप, कराडजवळच्या साखर कारखान्यातला फिटर. चौघांना एकच रोग, एड्सचा. नव्वदच्या दशकात त्याचं नाव रेडिओवर आलं की घरातलं मोठं माणूस उठून आवाज बारीक करायचं. सांगलीच्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आमची एकमेकांशी गाठ घालून दिली. "औषध माझ्याकडं फारसं नाही," ते म्हणाले, "पण रविवारी दुपारी दवाखाना रिकामा असतो."

* * *

कराड सोडून मी सांगलीला का जायचो? ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. पहिल्यांदा गेलो तेव्हा तोंडाला टॉवेल गुंडाळून बाकावर बसलो. शेजारी आणखी एक जण तसाच टॉवेल गुंडाळून बसलेला. दोघंही समोरच्या भिंतीकडं बघतोय. तेवढ्यात तो खोकला, आणि त्या खोकल्यावरनं मी ओळखलं. आमच्याच गावचे सरपंच! त्यांनीही मला कशावरनं तरी ओळखलं असणार, कारण एकदम अंग चोरून बसले.

बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "खरूज?"

"व्हय," मी म्हणालो. "तुमाला?"

"खरूजच."

त्यापुढं आम्ही बोललो नाही. परतीच्या गाडीत ते पुढं बसले, मी पार मागं. पण सरपंचांच्या जिवाला घोर लागला असावा. पुढच्याच आठवड्यात आरोग्य केंद्राची माणसं गावात आली आणि घरोघर मलम वाटत सुटली. सरपंचांनी तक्रार केली होती म्हणे, की गावात खरजेची साथ आहे.

* * *

कांबळेचं लग्न ठरवायचा घरच्यांनी चंगच बांधला होता. मुलगा सरकारी नोकरीत, दिसायला चांगला. बहिणीनं तर विहारात लग्न लागल्यावर जेवण कुठं घालायचं तेही ठरवून टाकलं होतं. औंधची एक मुलगी बघायला त्याला ओढून नेलं. मुलगी शिकलेली, हसरी. तिनं चहा देताना विचारलं, गाडीत दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत का. आजवर असं कुणी त्याला विचारलं नव्हतं. घरी येऊन तो म्हणाला, मुलगी पसंत नाही. कारण विचारलं तर उठून बाहेर गेला.

काही दिवसांनी तो औंधच्या गाडीवर होता. गाडी खच्चून भरलेली. मुलीचे वडील चढले. तिकीट मागायच्या आधी त्यांनी विचारलं, "मास्तर, एकच सांगा. माझ्या पोरीत काय कमी हाय? ती जेवंना झालीय."

गाडीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. कांबळे सांगत होता, पंचिंग मशीन हातात तसंच राहिलं, आणि तोंडातनं निघून गेलं की पोरीत काही कमी न्हाई, माझ्यात हाय. मला वाईट नाद लागला हुता, त्याची शिक्षा भोगतोय.

एवढं त्यानं चाळीस-पन्नास माणसांसमोर सांगितलं. मान वर करायचं धैर्य होईना. म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एवढंच व्हय. आवं, लगीन झाल्यावर सुटंल की दारू."

* * *

बाळूअण्णांचं उलटं होतं. त्यांचं लग्न होऊन पोरं हायस्कूलला गेलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, बायकोला सांगा आणि तिचीही तपासणी करून घ्या. अण्णा मान हलवायचे आणि घरी जाऊन अंगणात खाट टाकायचे. आत उकडतंय म्हणायचे. उन्हाळा गेला, पाऊस आला, तर खाट सोप्यात आली. थंडीतसुद्धा त्यांना उकडत होतं.

त्यांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, याचा सरळ अर्थ काढला. नवऱ्यानं बाई ठेवलीय. ऊस भांगलताना, भाकरी थापताना त्या तिला शिव्या द्यायच्या. तिचं तळपट व्हावं म्हणून यमाईला नवस बोलल्या, शुक्रवार धरले. अण्णा हे सगळं कानानं ऐकायचे आणि रविवारी चहाला आमच्यापुढं डोळे पुसायचे.

शेवटी शालननंच त्यांना खडसावलं. माझ्या नवऱ्यानं सांगितलं असतं तर मी आज इथं नसते, म्हणाली. त्या आठवड्यात अण्णांनी बांधावर बसून हौसाबाईंना सगळं सांगितलं. त्या खुरपं खाली ठेवून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजी बाई न्हाईच?"

"हुती. लय मागं. रस्त्यावरची. नाव बी ठावं न्हाई."

हौसाबाईंची तपासणी झाली. रोग नव्हता. डॉक्टरांनी सांगितल्यावर अण्णा तिथंच फरशीवर बसले आणि पोरासारखे रडले. हौसाबाई मात्र रागातच होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी अण्णांना सुनावलं, "मी वरीसभर कुणाला शिव्या घातल्या मग? त्या बिचारीला बी कुणी दिला आसंल की."

अण्णा त्यानंतर दोन-अडीच वर्षं होते. शेवटपर्यंत हौसाबाईंनीच केलं. पण त्यांची खाट कुठं टाकली होती, हे आम्ही विचारलं नाही.

* * *

शालनचं सासर खटाव तालुक्यात, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावात. नवरा कावीळ होऊन गेला, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं आणि बहुधा त्यांचा तसा विश्वासही होता. भिंतीवर वर्दीतला फोटो, त्याला रोज ताजा हार. वर्ष झाल्यावर सासऱ्यांनी ठरवलं की सून घरातच राहावी, धाकट्या संपतशी तिचं लग्न लावावं. तिला वाटलं, आता सांगायलाच पाहिजे. पण सांगायचं म्हणजे त्या फोटोतल्या माणसाची अब्रू घालवायची.

गोठ्यात संपत धार काढत होता. तिथं जाऊन तिनं भिंतीकडं तोंड करून सांगितलं. संपतचे हात थांबले. त्यानं एवढंच विचारलं, "दादाला म्हाईत हुतं?"

"शेवटच्या सुट्टीला आले तवा म्हाईत हुतं."

संपतनं चरवी तशीच ठेवली आणि घरात गेला. भावकी बसली होती. सगळ्यांसमोर म्हणाला, मला वहिनी पसंत न्हाई, मला कवळी पोरगी पायजे. सासऱ्यांनी पायातली चप्पल काढून त्याला मारलं. आईनं त्याच्या नावानं बोटं मोडली. गाव पुढं कितीतरी दिवस त्याला नावं ठेवत होतं. त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही.

शालन माहेरी निघाली तेव्हा तोच तिला स्टँडवर सोडायला आला. ट्रंक गाडीच्या टपावर चढवली, खाली उतरला, आणि भरल्या स्टँडवर वाकून तिच्या पाया पडला.

* * *

आता माझं. चहा पिता पिता माझं आणि शालनचं जमलं. कसं जमलं ते सांगायला मला अजूनही लाज वाटते, तेव्हा ते राहू दे. अडचण होती माझ्या आईची. तिला माझं काहीच ठाऊक नव्हतं.

मी भित्रेपणानं सुरुवात मुलीपासून केली. मुलगी विधवा आहे, म्हणालो. आई म्हणाली, असू दे. मुलीला रोग आहे, म्हणालो. कसला ते सांगितलं. आई ताडकन उठली. असली पोरगी माझ्या उंबऱ्याच्या आत नको, जाणूनबुजून पोराला विहिरीत ढकलू काय, म्हणाली. मग मला सांगावंच लागलं की मी त्या विहिरीत केव्हाचा पडलोय.

आई त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं आणि म्हणाली, "चल. मला तिच्याकडं न्हे."

शालन कोयनानगरला भावाच्या क्वार्टरमध्ये राहायची. घाटात आईला गाडी लागली, तरी ती मधे कुठं थांबली नाही. पोचलो तेव्हा भाऊ-भावजय कामावर गेलेले. शालननं पाणी दिलं. आईनं मला बाहेर पायरीवर बसवलं आणि आत गेली. दार उघडंच होतं.

"पोरी," आई म्हणाली, "तू आमच्या घरी यायचं म्हनतीस. पर त्याच्या आदी तुला एक सांगायला पायजे. पोराच्या आईनं लपवलं, आसं उंद्या व्हायला नगं."

शालन म्हणाली, "सांगा की मावशी."

आईनं डोक्यावरचा पदर पुढं घेतला. तेवढ्यात जमीन हलली आणि फळीवरची भांडी खडखड वाजली. आई दचकून उठायला लागली. शालननं तिचा हात धरला. "हितं व्हतंच आसं. बसा. तुमी बोला."

आई बसली. डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

"माझ्या पोराला रोग हाय," ती म्हणाली. "वाईटातला. आदी सांगितलेलं बरं. तू न्हाई म्हनलीस तरी मी तुला बोल लावायची न्हाई."

मी पायरीवर मान खाली घालून बसलो होतो. शालनला सगळं ठाऊक होतं, माझ्या आईला ते ठाऊक होतं, आणि तरीही तिनं नीट विचार करायला लागतो तेवढा वेळ घेतला.

मग ती म्हणाली, "चालंल मला, आत्याबाई."