शेजारच्या सीटवरून टाकलेला गिअर

ते प्रकरण म्हटलं तर किरकोळ. गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. तरी इतक्या वर्षांत ते डोक्यातून गेलेलं नाही.

आयटीची चलती नुकतीच सुरू झाली होती. कर्वेनगर आमच्या ठाण्याच्या हद्दीत होतं. सकाळची हजेरी आटोपतेय तोच एक संगणक इंजिनिअर आपल्या ड्रायव्हरला दंडाला धरून घेऊन आला.

"मी कंपनीच्या बसनं जातो. नवी ऑटोमॅटिक गाडी आईसाठी घरी ठेवली आहे. देऊळ आणि दवाखाना, बस्स! तरी रोज किलोमीटर वाढतायत. हा माझ्या गाडीवर भाडी मारतोय. गुन्हा नोंदवा."

ड्रायव्हर यवतमाळकडचा, तिशीतला. चोरीचा शिक्का बसला असता तर पुण्यात त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. हे त्याला पक्कं कळत होतं.

"मी काई चोरलं नाई, साहेब."

"मग गाडी जाते कुठे?"

"ते नाई सांगता येत. शब्द देल्ला हाये."

दटावून पाहिलं, चहा पाजून पाहिला. ढिम्म! चोर सहसा फार बोलतो, न विचारलेलंही पटवून देतो. हा गप्प होता, म्हणून मी घाई केली नाही. गाडीचा नंबर बिनतारीवर सगळ्या चौक्यांना दिला.

दुपारी कात्रजच्या हवालदाराची खबर आली. "साहेब, ही गाडी जुन्या घाटात नेहमी दिसते. ड्रायव्हरच्या शेजारी एक म्हातारी बाई असते. आणि साहेब, गिअर ती टाकते!"

"ऑटोमॅटिकला कसला आलाय गिअर?" मी इंजिनिअरला विचारलं.

"असतो. दांडा बाजूला सरकवला की पुढे-मागे करून हातानंही बदलता येतो. पण ते वापरतंय कोण..." बोलता बोलता तो थांबला. म्हातारी बाई कोण, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

आईंना ठाण्यात बोलावणं मला बरं वाटेना. दोघांना घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दारातच सुनावलं, "आधी त्या पोराला सोडा. जे काय केलंय ते मी केलंय."

मग त्यांनी सांगितलं. यजमानांचा डावा हात कारखान्यात यंत्रात सापडून निकामी झाला होता. पण गाडी चालवायची हौस दांडगी. जुन्या गाडीचा गिअर स्टिअरिंगपाशीच होता. ते क्लच दाबून आकडा सांगायचे, आणि शेजारी बसून या गिअर टाकायच्या. कायद्यात ते कितपत बसत होतं, ते सोडा. त्या जोडीनं कात्रजचा घाट आयुष्यभर असाच चढला होता.

"हे गेले, गाडी विकली. मला त्यांची फार आठवण येते हो. फोटोकडे बघून नाही येत तेवढी. चढ लागला की हातालाच येते. मग या पोराला म्हटलं, तू नुसता आकडा सांग."

मुलगा कळवळून म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू काय म्हणाला असतास? 'आई, गाडी ऑटोमॅटिक आहे, तुला काही करायची गरज नाही.'"

मुलानं ड्रायव्हरचे हात धरून माफी मागितली आणि तक्रार मागे घेतली. पुढच्या आठवड्यात तो आपणहून ठाण्यात आला. "रविवारी मी नेलं आईला घाटात. दोनदा ओरडा खाल्ला. म्हणाली, 'आकडा उशिरा सांगतोस. यांचा कधी चुकला नाही.'" तो हसत होता, पण डोळे भरले होते.

माणूस गेलं की मागे नुसती आठवण राहत नाही, त्याच्यासाठी करायची कामंही राहतात, आणि ती करायला आपल्याला कुणी देत नाही. हे मी त्या घरात शिकलो. पटलं मात्र निवृत्तीनंतर. शेवटच्या आजारपणात हिची वेणी मीच घालायचो. फार घट्ट झाली की ही म्हणायची, "अहो, आरोपी बांधताय का?" आता सून मायेनं म्हणते, "बाबा, तुम्ही नुसते बसून राहा." मी बसतो. पण सकाळची ती वेळ झाली की हात कुठे ठेवावेत, तेच कळत नाही.