बाबांनी स्वतःचा आकडा विचारला

मंडळी, दुपारपासून जीव घाबरा झालाय.

अतिजड अणुकेंद्रं अल्फा कण फेकत किती वेळात निम्मी उरतील, याचा अंदाज बांधणं हे माझं संशोधन. आज प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर 10 च्या आमच्या क्वार्टरमध्ये तेच गणित करत होते. प्लांटमधून रिटायर झालेले बाबा शेजारी येऊन बसले. कालच डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसातली गाठ दाखवली होती.

"अणू कधी फुटते, सांगतं न तू? मंग माह्यं सांग."

"बाबा, पुष्कळ अणू असले तर निम्मे कधी संपतील ते सांगता येते. एकट्याचं नाही. तो आत्ताही जाईल, नाहीतर टिकेलही."

बाबा उठले. स्कूटरची किल्ली आईच्या हातात देऊन म्हणाले, "चाल, तुले चालवाले शिकवतो."

"ह्या वयात कावून?" आईनं विचारलं. ते जिना उतरायला लागले.

खाली दोघांच्या चकरा सुरू आहेत. मी खोटा आकडा सांगायला हवा होता का?