हिराबायचा तापट ट्रॅक्टर

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर शिरवण्याच्या हिराबाय म्हात्रे यांचा. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे असं काही विचारलं की लोकांना एखाद्या गुरुजींचं किंवा प्राचार्यांचं नाव अपेक्षित असतं. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण मी इंजिनियर आहे हे माझं मलाच पटवून दिलं ते हिराबायनं, आणि त्यांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मुंबईजवळच्या खाडीकाठची भातशेतं मातीनं भरून नवं शहर उभं राहत होतं. हिराबायचं शेतही त्यात गेलं. चाळिशी ओलांडलेल्या या विधवा बाईनं बैलजोडी विकली आणि शेताच्या भरपाईच्या पैशांतून ट्रॅक्टर घेतला. गावातल्या पुरुषांनी टिंगल केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी पैशे बसून खा. मी चार चाकांवर बसून खाते." विकलेल्या बैलांपैकी एकाचं नाव राजा होतं. तेच नाव त्यांनी ट्रॅक्टरला दिलं. भाचा दत्तू तो चालवायचा. टेकडीच्या पायथ्याची माती भरायची, बांधाच्या चढावरून न्यायची आणि खाजणात, खाडीच्या दलदलीत, ओतायची, असं कंत्राटदाराचं काम त्यांना मिळालं होतं.

मी परभणीकडचा. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तुर्भ्याला मामांच्या खोलीवर उतरलो होतो आणि कारखान्यांच्या फाटकांवरून परत येत होतो. एका दुपारी शिरवण्याच्या चहाच्या टपरीवर मामांनी कुणाला तरी माझी ओळख 'आमचा इंजिनियर भाचा' अशी करून दिली. शेजारच्या बाकावरच्या नऊवारीतल्या बाईनं मान वळवली.

"इंजिनेर हायेस? मंग सांग, माजा राजा रिकामा पलतो तवा थंड, नि माल भरला का तापतो. असा का?"

"बघावं लागेल," मी म्हणालो.

"बरा बोललास. आतापावेतो सगल्यांनी बगल्याबिगर सांगलंन." मग मला खालीवर न्याहाळून म्हणाल्या, "शिकलेला हायेस, पन खाल्लेला दिसत नाय. आदी जेव."

त्या दिवशी त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं. त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं. मी सांगितलं. आमच्याकडे त्या दोन उत्तरांनंतर बरंचसं बदलायचं. इथं फक्त ताटात आणखी एक भाकरी पडली.

जेवताना सगळा प्रकार कळला. दोन मिस्त्री येऊन गेले होते. एकानं पाण्याचा पंप बदलला, दुसऱ्यानं पंख्याचा पट्टा. तरीही भरलेली ट्रॉली घेऊन राजा चढाला लागला की तापमानाचा काटा लाल रेघेवर जायचा आणि वाफ उसळायची. मागे गाड्यांची रांग तटून राहायची. कंत्राटदाराच्या साहेबानं शेवटची ताकीद दिली होती: शनिवारपर्यंत गाडी चढ चढली नाही तर काम दुसऱ्याला. हिराबायपुढे मग एकच रस्ता होता, आपल्याच बुजवलेल्या शेतावर घमेली वाहायला जायचं.

मी कामाला लागलो. हिराबायचा एकच नियम होता: "हात लावल्याबिगर बोलू नको." तो मी पाळला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, काढून त्यांच्या भाताच्या टोपात उकळत्या पाण्यात सोडला. दत्तू म्हणाला, "आते, आज जेवायला लोखंडाचा भात काय गं?"

"तुला त्योच ताटात वारते. दात तरी घट व्हतील."

थर्मोस्टॅट वेळेवर उघडला, म्हणजे तो चांगला होता. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नव्हते, म्हणजे इंजिनाच्या हेडचं गॅस्केट शाबूत. आतून पाणी सोडलं, ते खळखळून खाली आलं. बाहेरून रेडिएटर नव्या भांड्यासारखा चकचकीत. पाण्यात दोष नव्हता, इंजिनात नव्हता. मग उरली हवा. इंजिन चालू ठेवून मी रेडिएटरच्या तोंडावर वर्तमानपत्राचं पान धरलं. आतला पंखा हवा ओढतो, तेव्हा पान चिकटून बसायला हवं. वरच्या बाजूला ते चिकटलं. खालच्या अर्ध्या भागात मात्र नुसतं लोंबत राहिलं. तिथून हवा जातच नव्हती. रिकाम्या गाडीला अर्धा रेडिएटर पुरत होता, भरलेल्या गाडीला पुरत नव्हता.

पण इतक्या स्वच्छ रेडिएटरमध्ये अडकलं होतं काय? उत्तर संध्याकाळी मिळालं. दत्तूनं गाडी अंगणात लावली. हिराबायनं पदर खोचला, पुढची जाळी काढायला लावली आणि बादलीतलं पाणी तांब्यातांब्यानं ट्रॅक्टरच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. "दमलास रं राजा. धुरल्यात गेलास दिसभर. धू तोंड." बैल कामावरून आला की आधी त्याचं तोंड धुवायचं, ही त्यांची जन्माची रीत. रोजच्या रोज खाजणाचा चिकट चिखल त्या पाण्यानं रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या फटींतून आत ढकलला जात होता आणि इंजिनाच्या गरमीनं विटेसारखा भाजून निघत होता. पुढून लखलखीत, मागून बंद.

कारण सापडलं होतं. ज्या बाईनं मला जेवू घातलं, तिला सांगायचं काय? मी उगाचच पाने-पकडी पुसत बसलो.

"काय रं, तोंडात पानी धरलंस काय? बोल ना!"

"बाय," मी म्हणालो, "तुम्ही रोज त्याचं तोंड धुता ना, त्यामुळेच तो तापतो."

दत्तू हळूच ट्रॉलीमागे सरकला. हिराबायच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"म्हंजे मी? माज्या हातानं?"

"हो."

"दाव."

मी इंजिनाच्या बाजूनं, मागून पुढे, पाण्याची नळी धरली. आधी काहीच झालं नाही. चिखल भिजला, मग काळे गोळे पुढच्या बाजूनं थपाथप पडू लागले. हिराबाय खाली बसल्या. एक गोळा उचलून बोटांनी चोळला, वास घेतला.

"अरे, ह्यो तं माज्याच शेताचा चिखल हाय," त्या म्हणाल्या, आणि खदाखदा हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मग नळी माझ्या हातातून ओढून घेतली. "सर. माजी चूक मी धुते."

शनिवारी साहेब बांधावर कमरेवर हात ठेवून उभा होता. ट्रॉली भरली. हिराबाय मडगार्डवर बसून काट्याकडे बघत होत्या. "आजून टाका!" त्यांनी मजुरांना फर्मावलं. "वर शीग लावा!" दत्तूनं गिअर टाकला. राजा चढाला लागला, धूर काळा झाला, आवाज खोल गेला. काटा थोडा हलला आणि हिरव्यातच थांबला. माथ्यावर पोचल्यावर रांगेतल्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून कान किटवले. हिराबाय वरूनच ओरडल्या, "सायेब, पानी पाजू काय? आज तुमीच तापल्यावानी दिसता!" साहेबालाही हसू आवरेना. काम हिराबायकडेच राहिलं.

खरी मोठी गोष्ट नंतर घडली. हिराबायनं मनात आणलं असतं तर 'रेडिएटर खराब होता' एवढ्यावर भागलं असतं. त्या मात्र टपरीवर, नाक्यावर, लग्नाच्या मांडवात सांगत सुटल्या: "मी येडी रोज राजाला मारीत व्हते. ह्या पोरानं माज्या तोंडावर माजी चूक सांगली. असा इंजिनेर पायजे." आठवड्याभरात आसपासच्या गावांतून गाड्या त्यांच्या अंगणात येऊ लागल्या. दीड-दोन वर्षं ते अंगण हाच माझा कारखाना होता. पुढे पुण्याकडच्या एका कंपनीनं मला घेतलं, ते तिथल्याच कामाच्या जोरावर.

तिथून मी त्यांना पाठवलेलं पत्र दत्तूनं त्यांना वाचून दाखवलं. त्याची प्रत माझ्याजवळ आहे.

"ती. हिराबाय यांस सविनय जयभीम.

मी कायम झालो. माझ्या हाताखाली आता एक लहानसा विभाग आहे. परवा एका नव्या मुलानं माझ्या आराखड्यातली चूक सगळ्यांसमोर दाखवली. मला तुमच्या हातातला तांब्या आठवला. मी म्हटलं, 'दाखव.' त्याचं बरोबर होतं. दुपारी मोठ्या साहेबांना मीच जाऊन त्याचं नाव सांगितलं. तो पोरगा आता बिनधास्त बोलतो, आणि आमचं काम पहिल्यापेक्षा चांगलं होतं.

दुसरा ट्रॅक्टर घेतल्याचं दत्तूनं कळवलं. तो बघायला पुढच्या महिन्यात येतो. आईला बरोबर आणतोय. ती पहिल्यांदाच मुंबईकडे येते आहे. समुद्र दाखवू का, असं विचारलं, तर म्हणाली, समुद्र राहू दे, आधी त्या बाईकडे ने.

आपला,
मिलिंद"