वरच्या फळीवर जागा नाही

आमच्या खेळांच्या रजिस्टरला पाच रकाने आहेत. खेळाचे नाव, किती जणांचा, किती वेळ लागतो, शिफारस आणि शेरा. शेऱ्याचा रकाना दोन बोटांएवढा आहे. त्यात जे मावत नाही ते मी रजिस्टर उलटे करून मागच्या पानांवर लिहिते. आता पुढची नऊ पाने भरली आहेत आणि मागची एकतीस. वही संपायच्या आत त्यातले काही नीट लिहून काढावे म्हणते.

मंगरूळपीरला आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून वाचनालयाची एक खोली आहे. रविवारी सकाळी वंदना झाली की तिथे आम्ही पाच जण पटाचे आणि पत्त्यांचे खेळ खेळायला बसतो. विलासमामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. ते एसटीत कंडक्टर आहेत. ड्यूटी असो नसो, कॉलरमध्ये चौकडीचा रुमाल खोचलेला असतो. कौसल्याआजी अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आहेत आणि वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी खिचडी भरवली आहे. देशमुखकाका आसेगावचे शेतकरी. रविवारी मंगरूळला काहीतरी काम काढून येतात. ते काम काय असते हे अजून कोणी पाहिलेले नाही. चौथी रेश्मा, माझ्या वर्गातली. ती खूप बोलते. पाचवी मी. मी रजिस्टर लिहिते, कारण लिहिणाऱ्याला कोणी बोलायला सांगत नाही.

मामांचा मुलगा सागरदादा पुण्यात नोकरी करतो. बाजारात नवा खेळ आला की दोन-तीन महिन्यांत त्याचे पार्सल आमच्याकडे येते. तो खेळ आम्ही तीन रविवार खेळतो, मग हात वर करून मत देतो. आवडला तर कपाटाच्या वरच्या फळीवर, नाहीतर पार्सल परत पुण्याला. फळीवर बारा डबे बसतात. ती भरलेली आहे. तेरावा ठेवायचा तर एक काढावा लागेल.

अजून एक नियम आहे, तो मामांचा. "जो आणन, तो सांगन." म्हणजे खेळ आणणाऱ्याने उभे राहून तो सगळ्यांना तोंडी समजावायचा. वाचून दाखवायचा नाही. पहिल्या खेळाचे चोवीस पानी नियमपुस्तक मामांनी वाचून दाखवले होते. अकराव्या पानावर देशमुखकाका झोपले. त्यांना उठवल्यावर कोणाची पाळी, हे पुस्तकात नव्हते.

या नियमामुळे माझी अडचण झाली होती. दिवाळीपासून माझ्या दप्तरात मी स्वतः बनवलेला एक खेळ होता.

*

सागरदादाने परदेशातला एक शेतीचा खेळ पाठवला होता. लाकडी गव्हाच्या पेंढ्या, छोटी कुंपणे, गुबगुबीत जनावरे. देशमुखकाका पुढे सरकून बसले.

"पाऊस कवा येते याच्यात?" त्यांनी विचारले.

मामा म्हणाले, याच्यात पाऊस नाही.

"मंग भाव कवा पडते?"

भाव पण पडत नाही.

"डुकरं?"

डुकरे होती, पण पीक खाणारी नाही, पाळायची होती. कुंपणात राहायची आणि वाढायची. काका बराच वेळ ते लाकडी डुक्कर हातात धरून बसले. "विलासभाऊ," ते म्हणाले, "हे वावर कुठं हाय ते सांगा. मी पाहून येतो."

दीड तास खेळ झाला. काका शेवटचे आले. त्यांनी एकदाही पेरणी केली नव्हती. रेश्माने विचारले, काहून नाही केली? काका म्हणाले, "पाऊस पडल्याबिगर कोणी पेरते काय?"

शिफारस: शहरातल्या लोकांसाठी उत्तम.

*

दुसऱ्या एका नव्या खेळात सगळ्यांनी मिळून एक बुडणारे बेट वाचवायचे असते. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे हरतात. पहिल्याच दिवशी आम्ही जिंकलो. टाळ्या वाजवल्या. आजी मात्र बेटाचे तुकडे डब्यात भरू लागल्या.

"सगळेच जिंकले त चिडवाचं कोणाले?" त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बेट बुडाले. आजी प्रसन्न झाल्या. "तुमी हरले."

"आजी, तुमीबी हरल्या," रेश्मा म्हणाली.

"मी तुमच्यासंग होती म्हणून."

*

आजींना इंग्रजी येत नाही, पण एकदा पाहिलेले कार्ड त्या विसरत नाहीत. चित्रावरून त्यांनीच नावे ठेवली. ड्रॅगनला पाल. लांब दाढीच्या जादूगाराला आंघोळ न केलेला. मुकुटवाल्या राणीला सरपंचबाई. एकदा सागरदादा व्हिडिओ कॉलवर आमच्यासोबत खेळत होता. त्याने विचारले, ड्रॅगन कोणाकडे आहे? कोणीच उत्तर दिले नाही. त्याला वाटले नेटवर्क गेले. त्याने तीनदा फोन लावला. शेवटी मामांनी समजावले, तेव्हा तो म्हणाला, "बरं, पाल कोणाकडं हाय?"

आजींनी लगेच दाखवली.

*

खोटे बोलायचा खेळ आला तेव्हा रेश्माला वाटले, हा आपलाच. कार्ड पालथे ठेवून आकडा सांगायचा, खरा किंवा खोटा. समोरच्याने ओळखायचे. रेश्माला याची सवय आहे. गृहपाठाची वही घरी राहिली, हे ती वर्गात सरांच्या डोळ्यात डोळे घालून सांगू शकते.

"सहा," तिने मामांना सांगितले.

मामांनी कार्डाकडे पाहिलेसुद्धा नाही. "जन्मसाल?"

रेश्मा मनातल्या मनात वजाबाकी करू लागली.

"उघड," मामा म्हणाले. कार्ड तीनचे होते.

गाडीत पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नसते. गेली वीस वर्षे आया मामांना सांगत आल्या आहेत की पोरगा पाचचा व्हायचा आहे, आणि मामा जन्मसाल विचारत आले आहेत. त्या दिवशी मामांनी सगळ्यांची सगळी कार्डे पकडली. तो खेळ फळीवर आहे, पण शिफारशीच्या रकान्यात मी लिहिले आहे: कंडक्टर नसेल तर चांगला.

*

माझ्या खेळाबद्दल. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी ठरवून आले की आज सांगायचे. डबा दप्तरातच ठेवला आणि उभी राहिले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "हा खेळ..." आणि विचारले, कोणाला पाणी पाहिजे का?

सगळ्यांना पाणी दिले. पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहिले. पुन्हा पाणी दिले. असे चार रविवार झाले. चौथ्या रविवारी देशमुखकाका म्हणाले की तहान नाही, पण तू उभी राह्यली त घेतो. त्या दिवशीचा शेरा मामांनी माझ्या हातून रजिस्टर घेऊन स्वतः लिहिला आहे: "नवीन खेळ नाही. पाणी गार होते."

*

मग एका रविवारी रेश्मा खोडरबर शोधायला माझ्या दप्तरात शिरली आणि माझा डबा घेऊन बाहेर आली. झाकणावर मी लिहिले होते, रुमाल.

लग्नपत्रिका कापून मी त्याची कार्डे केली आहेत. पाठीवर वर्तमानपत्र चिकटवले आहे, नाहीतर देशमुखकाकांनी त्यांच्या पुतण्याचे लग्न मागूनच ओळखले असते. पुठ्ठ्यावर एसटीच्या दहा सीटा काढल्या आहेत. प्रवाशांची कार्डे आहेत: बोचके घेतलेली म्हातारी, दोन पोरांची बाई, कोंबडा घेतलेला माणूस, कॉलेजची पोरगी. आणि चार कार्डांवर नुसता रुमाल आहे. गाडी स्टँडवर लागली की खिडकीतून टाकायचा.

"जो आणन, तो सांगन," मामा म्हणाले.

मी उभी राहिले. "हा खेळ..." मी म्हटले.

"पाणी नको माय," आजी म्हणाल्या. "बस तू." आणि त्यांनी डबा स्वतःच उघडला, कार्डे वाटली, पुठ्ठा एकदा पाहिला आणि रुमालाचे कार्ड खिडकीच्या सीटवर टाकले. "हे माही जागा."

मी काहीच सांगितले नव्हते. तरी सगळे खेळू लागले. माझे नियम चार पाने होते आणि कंपासपेटीत घडी करून ठेवले होते. ते तिथेच राहिले.

मामा एकटेच नाराज होते. "रुमालाची जागा मी मानत नाही. वीस वर्षं झाले. जो बसन, त्याची जागा."

काका म्हणाले, "तुमी इथं ड्यूटीवर हाये काय?" आणि आपला रुमाल त्यांनी बरोबर आजींच्या रुमालावर टाकला.

एका सीटवर दोन रुमाल. चार पानांत याबद्दल एक ओळ नव्हती. मला सुचलेच नव्हते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. पाण्याचा माठ दाराशी होता आणि वाटेत रेश्मा बसली होती.

"मंग भांडाचं," मी म्हटले.

"कुठवर?" काकांनी विचारले.

"गाडी सुटेपर्यंत."

आजींनी गुडघा दाखवला. काकांनी आसेगावचा रस्ता दाखवला, म्हणजे तो किती खराब आहे ते हाताने. आजी म्हणाल्या, तुमाले मी लहानपणी खिचडी चारली. काका म्हणाले, मी आसेगावचा, मले नाही चारली. आजी म्हणाल्या, मंग आता काहून पस्तावून राह्यले. शेवटी मामांनी कपाटाच्या किल्लीने टेबलावर दोनदा टकटक केले, डबल बेल, म्हणजे गाडी सुटली, आणि जागा आजींना मिळाली.

*

तिसऱ्या रविवारी मत झाले. मी हात वर केला नाही, कारण आपल्याच खेळाला कसा करायचा. तीन हात वर आले. मामांचा नव्हता.

"खेळ बरा हाय," ते म्हणाले. "पण रुमाल मले मंजूर नाही. आन दुसरं, वरच्या फळीवर जागा नाही."

कोणता काढायचा यावर बोलणे सुरू झाले. आजी म्हणाल्या, बेट काढू नका, कधी ना कधी तुमी पुन्हा हराल. रेश्माला खोट्याचा खेळ हवा होता, ती मामांना एकदा तरी फसवणार होती. शेतीचा काढावा असे मामा म्हणाले, तर काका उठून उभे राहिले. "माही पेरणी राह्यली हाय."

ठरले नाही. मी डबा परत दप्तरात ठेवला. रजिस्टरमध्ये ‘रुमाल’च्या पुढे शिफारस आणि शेरा, दोन्ही रकाने कोरे आहेत.

*

पुढच्या रविवारी वंदना संपल्यावर मी खोली झाडायला सगळ्यांच्या आधी आले. झाडून झाल्यावर कपाट उघडले. वरच्या फळीवरचे बारा डबे कोणीतरी आडवे काढून उभे लावले होते, एकमेकांना अगदी चिकटवून. खिडकीकडच्या टोकाला चार बोटे जागा होती. त्या जागेत चौकडीचा रुमाल घडी करून ठेवलेला होता.

मागून देशमुखकाका आले, मग मामा. पंख्याखाली बसले आणि देशमुखकाकांना विचारू लागले की आसेगावची गाडी आज वेळेवर होती का. मानेवरचा घाम ते शर्टाच्या बाहीने पुसत होते.