जाळीतली चरबी

मला भोकाभोकांच्या सांगाड्यांची किळस येते. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या कारखान्यात तेच बनतात, आणि मशीनमधून निघालेले भाग झटकून साफ करायचं काम माझं. त्यामुळे भोकं झाकणाऱ्या लोरेल पास्कोचं कौतुक माझ्याइतकं कुणाला नसेल.

लोरेल यंत्रमानवांच्या हातांचे भाग आखते. जोर कुठे पडतो ते तिने सांगायचं, मग कॉम्प्युटर बिनकामाचा धातू कुरतडत जातो आणि हाडासारखं भोकाभोकांचं काहीतरी उरतं. ते टायटॅनियमच्या भुकटीतून थरावर थर वितळवून छापायचं. वजन कमी, हात चपळ. पण कॉम्प्युटरला जे सांगितलं नाही, ते त्याच्या लेखी नसतंच. म्हणून लोरेल आधी जागेवर जाऊन उभी राहते. जवळच्या कोलॅक गावच्या कत्तलखान्यात कोकरं कापणाऱ्या हाताचं मनगट करायचं होतं, तेव्हा ती धुलाईच्या पाळीभर तिथेच होती. धुणाऱ्यांची मुख्य नायरी. तिला लोरेलने शब्द दिला, "चरबी अडकेल अशी एकही फट ठेवणार नाही."

तिने भोकांवर धातूचं पातळ कातडं चढवलं, आतली भुकटी काढायला एक छिद्र ठेवलं आणि ते नंतर झाळून बंद करायचं ठरवलं. वजन किंचित वाढलं. दिसायला अगदी साधा गोळा.

आमचा मालक ब्रेंटन तोंड वाकडं करून म्हणाला, "हे काय बटाट्यासारखं? डिझाइनच्या बक्षिसाला पाठवायचंय मला! जाळी दिसली पाहिजे."

"तिथे मांस कापतात, ब्रेंटन. जाळी धुणार कोण?"

"धुणारे धुतील. पगार कशाचा घेतात?"

लोरेल वैतागून रजेवर गेली आणि या माणसाने तिच्या माघारी जाळीचेच भाग छापून कोलॅकला पाठवले. कागदावर नाव लोरेलचं. मीच ते झटकून दिले. निर्लज्ज माणूस, दुसरं काय!

लोरेल रजेवरून परतल्यावर बक्षिसाचा परीक्षक कारखाना बघायला आला, त्याच दिवशी नायरी जाळीचं एक मनगट पिशवीत घालून दारात उभी राहिली. ब्रेंटन आत सांगत होता, "कत्तलखान्याचे लोक तर जाम खूश आहेत."

नायरीने पिशवी लोरेलपुढे आपटली. "तुझंच ना गं हे? नाव तुझंच आहे. तू तर शब्द दिला होतास!"

लोरेल पांढरीफटक पडली. तिने तो भाग करवतीला लावला. दोन तुकडे झाले. आत करडी, सडकी चरबी गच्च बसली होती. असा भपकारा आला की मी खिडकी उघडली.

"हे त्या मांसावर गळत होतं," लोरेल परीक्षकाला म्हणाली. "लोकांच्या ताटात जाणाऱ्या मांसावर."

परीक्षकाने नाकाला रुमाल लावला, तुकड्यातली जाळी निरखली आणि विचारलं, "पण वजन किती कमी झालं?"

"जवळजवळ निम्मं!" ब्रेंटन खुशीत म्हणाला.

मला दोघांवरही थुंकावंसं वाटलं. लोरेलने हातमोजे काढून टेबलावर टाकले आणि नायरीकडे वळली. "बाकीच्या हातांवर पण हेच बसवलंय?"

"सगळ्यांवर."

"माझा बंद भाग छापून होईपर्यंत मी येते धुवायला. चल."

"आत्ता गेलीस तर परत येऊ नकोस," ब्रेंटन ओरडला.

ती गेली. ब्रेंटन आणि परीक्षक जेवायला गेल्यावर मी मशीनमध्ये तिचा तो बटाटा छापायला लावला. कुणाला विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बक्षीस आम्हालाच मिळालं. समारंभात ब्रेंटनने लोरेलचं नाव घेतलं आणि तब्येत बरी नसल्याने ती येऊ शकली नाही, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोरेल तेव्हा कोलॅकला गुडघ्यावर बसून जाळीतली चरबी खरवडत होती.