न्हाणीतला मग

रविवारी सकाळी आमच्या न्हाणीतून बाळाच्या साबणाचा वास सोप्यापर्यंत येतो आणि माझं पेपरातलं लक्ष उडतं. लेक शिरवळच्या कंपनीत आहे. शनिवारी संध्याकाळी बायको-पोराला घेऊन कराडजवळच्या आमच्या गावी येतो आणि रविवारची आंघोळ स्वतः घालतो. नातू वर्षाचा होत आलाय. त्याला निळ्या टबात बसवायचं, बाह्या वर सारून शेजारी मांडी ठोकायची, की मग बापलेक कुणाच्या हाती लागत नाहीत. मी दारात उभा राहून बघतो. निमित्त टॉवेलाचं असतं.

खेळणी ढीगभर आहेत. पिवळं बदक, मासा, होडी, एकात एक बसणाऱ्या वाट्या. पोराला त्यांचा कंटाळा आला तर लेक नवी आणत नाही, जुन्यांनाच कामाला लावतो. दोनच बाहेर ठेवायची, बाकीची कपाटात, पुढच्या रविवारी पाळी बदलायची. पलटणीत आमच्या ड्यूट्या लागायच्या तशा आता बदकाच्या आणि माशाच्या लागतात. मागे एकदा त्यानं तो मासा बर्फात गोठवून टबात सोडला. बर्फ विरघळत गेला, आधी शेपटी सुटी झाली, मग तोंड, आणि पोरगं हात आवरून बघत बसलं. कधी चहाची गाळणी आणतो आणि तिच्यातून त्याच्या गुडघ्यांवर पाऊस पाडतो. सून सांगलीकडची, ती आतून ओरडते, "अहो, पाणी गार पडलं की, आवरा आता." तो आवरत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. कौतुकही आहे, पण ते नंतर, आधी हेवाच. सख्ख्या लेकावर जळणं शोभत नाही हे मलाही कळतं, तरी पोटात दुखायचं ते दुखतंच. आणि हे दुखणं आजचं नाही.

हा लेक एवढा होता तेव्हा मी सरहद्दीवर होतो. सुट्टी मिळायची ती ट्रंक उघडून पुन्हा भरेपर्यंत संपायची. त्याच्या जन्मानंतर पहिल्यांदा घरी आलो तेव्हा तो भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. सगळ्या प्रवासात मी एकच घोकत आलो होतो, की गेल्या गेल्या याला मांडीवर घ्यायचं. घेतलं. माझ्या मिशा बघून त्यानं असा टाहो फोडला, की शेजारीण हातातलं पीठ न झटकता धावत आली. "आवं, वळखंना झालंय लेकरू," बायको म्हणाली. "चार दिस जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दारातून बघतो तर ती पाय पसरून बसलेली, पोरगं पायांवर, आणि हातात माझा मग. पांढऱ्या इनॅमलचा, निळ्या काठाचा, कानापाशी टवका उडालेला. मागच्या सुट्टीत मी तो विसरून गेलो होतो. त्या एवढ्याशा मगातून तिनं किती खेळ काढले होते. घंगाळात पालथा दाबून तिरका केला की बुडबुडे यायचे. रिकामा तरंगायचा, भरला की डुबकन बुडायचा, टिचकी मारली की वाजायचा. आणि पाठीवर पाणी सोडताना दर वेळी ती म्हणायची, "आबानं पाणी घातलं, आबानं पाणी घातलं." बाप घरी नाही, निदान त्याचं नाव तरी रोज कानावरून जावं, एवढाच तिचा हेतू. पोरानं मात्र सरळ अर्थ लावला. ज्यातून पाणी येतं तो आबा. अंग पुसून झालं तरी तो मग सोडीना. माझ्याकडे पाठ करून, मगाला पोटाशी धरून, "आबा, आबा" म्हणत त्याचे मुके घेत होता.

सगळे हसले, मीही हसलो. आतून मात्र जळत होतो. पलटणीत कुणाला हार न जाणारा गडी, आणि जळतोय कशावर, तर टवका उडालेल्या मगावर. मी घालू का आज पाणी, असं म्हटलं तर आई चुलीपुढून म्हणाली, "गडीमाणसानं लेकरू न्हाऊ घालायचं असतं व्हय? लोकं हसतील." तिच्यापुढं बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. आपलंच मूल वडीलधाऱ्यांदेखत उचलायची लाज वाटावी, असे ते दिवस. सुट्टी सरत आली तेव्हा कुठे तो माझ्याकडं यायला लागला, तोही आधी मग दाखवला तर. ट्रंक भरताना बायकोनं विचारलं, "न्हेता का ह्यो संगं?" रागानं नेलाही असता. पण तो नेला तर घरात आबा कोण उरणार होता? मी गेलो आणि तो राहिला.

परवाच्या रविवारी नातू कशानंच रिझेना. बदक झालं, मासा झाला, गाळणी झाली, तो आपला हात वर करून रडतोय. बायको परड्यात कोंबड्यांना दाणे टाकत होती, ती तशीच आत आली. हातात तोच मग. इतकी वर्षं तो दाण्यांच्याच कामाला होता. तिनं तो राखेनं घासला, विसळला, आणि लेकाला न देता माझ्यापुढं धरला. "धरा. आता कोन न्हाई म्हणतंय तुमास्नी?" लेक बाजूला सरकला. "बसा आबा, स्टूल घ्या," म्हणाला.

मी मग पालथा दाबून तिरका केला. बुडबुडे आले आणि रडणं थांबलं. त्यातूनच पाठीवर पाणी सोडलं, तर मागून बायको जुन्या सवयीनं म्हणाली, "आबानं पाणी घातलं." लेक ऐकत राहिला. त्याला यातलं काही आठवत नाही, त्याचं ते वयच नव्हतं. आणि मला आठवायला तरी काय आहे, मी उंबऱ्याबाहेर होतो. त्या सगळ्या सकाळी बायकोकडं आहेत आणि या मगाकडं आहेत. त्या आता मला मिळायच्या नाहीत. माणसाचं म्हणून जे असतं त्यातलं बरंचसं त्याच्या गैरहजेरीतच होऊन जातं, आणि मागं राहतं ते असलं काहीतरी, टवका उडालेलं.

आंघोळ आटोपली, सुनेनं टॉवेल पसरला. नातवानं मगाच्या टवक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आबा." सगळे हसले. पुन्हा मगच जिंकला, आणि माझ्या पोटात जुनी कळ आलीच. पण या खेपेला मगाचा कान माझ्या मुठीत होता. त्यानं दोन्ही हातांनी मग ओढला, मी सोडला नाही. मगाबरोबर मलाही ओढून घ्यावं लागलं त्याला.