आमच्या गावाचं स्वच्छ गटार

माझ्या सासूबाई मला सकाळी विचारतात, "आज कुठलं गटार?" त्यात टोमणा नसतो. भाजी कुठली करू, हे विचारावं तसं विचारतात. सोमवारी भोर शहरातले नाले, मंगळवारी वेल्ह्याकडची गावं, हे आता त्यांनाही पाठ झालंय. सुरुवातीला मात्र त्या शेजारणींना सांगायच्या की सून विद्यापीठात आहे. तिथं काय करते, असं कुणी विचारलं की चहा ठेवायला आत जायच्या.

काम ऐकायला घाण आहे आणि करायलाही घाणच आहे. पुण्याच्या विद्यापीठातला आमचा गट सांडपाण्याचा अभ्यास करतो. एक मॅडम, पीएचडी करणारी दोन पोरं आणि मी. मी आधी भोरमध्ये रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये होते आणि भोर-वेल्हे दोन्ही तालुक्यांतले रस्ते मला माहीत, म्हणून मला घेतलं. दोरीला बांधलेली बादली गटारात सोडायची, बाटली भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. माणूस दवाखान्यात जायच्या आधी त्याच्या पोटातला आजार संडासातून गटारात पोचलेला असतो. तिथं सापडला तर दवाखान्याला आधीच सावध करता येतं. मॅडम म्हणतात, माणूस खोटं बोलेल, गटार खोटं बोलत नाही. मला हे फार पटायचं. पण माझ्या माहेरचं गटार माझ्याशी लागोपाठ तीन मंगळवार खोटं बोललं.

माहेर माझं मार्गासनीच्या पुढं, रस्त्यापासून थोडं आत. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर गाववाले मला परत चहा विचारायचे नाहीत. धाकटा भाऊ तिथं ग्रामपंचायतीत पाणी सोडायला आहे. नळ कधी सोडायचा ते तोच बघतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडरही तोच टाकतो. तेव्हा भावजयीला सातवा महिना होता. आधीचं पोर पाचव्या महिन्यात गेलेलं. त्यामुळे घरात कुणी मोठ्यानं आनंदसुद्धा करत नव्हतं. पाळण्याचा विषय निघाला की आई म्हणायची, "गप रे, आत्ता न्हाई."

भातकापणी तोंडावर आली होती. आम्ही बाटल्या भरतो त्यातल्या दोन गावांच्या नमुन्यांत काविळीचा विषाणू निघाला. ही कावीळ पाण्यातून पसरते. मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं, की एरवी माणूस महिनाभर अंथरुणाला खिळतो आणि उठतो, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतं, शेवटच्या महिन्यांत जास्तच. मी भिंतीवरच्या नकाशात आमचं गाव शोधलं. ते त्या दोन गावांच्या मधोमध होतं.

त्याच संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, तिला उकळलेलंच पाणी द्या. आणि आमच्या गटाराच्या नमुन्याकडे डोळे लावून बसले. पहिला मंगळवार, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसराही कोरा. मला कोण अभिमान वाटला! प्रयोगशाळेतल्या पोरांना म्हटलं, बघा, आमच्या गावाला शिस्त आहे. आणि आईला फोन करून मोकळी झाले, "आपल्याकडे काही नाही गं. कशाला उगाच गॅस जाळता?" हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी मॅडमनी मला बोलावलं. समोर आमच्या गावाचा कागद होता. म्हणाल्या, "तुमच्या गावात मिरची खातात ना?" मला वाटलं चेष्टा चालली आहे. मग त्यांनी सांगितलं. मिरचीच्या झाडावर एक विषाणू असतो. माणसाला तो काही करत नाही, पण मिरची खाणाऱ्याच्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून गटाराचा नमुना खरा आहे का, हे बघायला आम्ही तो मोजतो. आमच्या गावाच्या बाटल्यांत तोही जवळजवळ नव्हता. "एवढं स्वच्छ गटार नसतं, बाई," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नक्की पाणी कुठून भरता?"

मला राग आला. आठ-आठ ठिकाणी वाकून पाठ मोडते माझी, आणि ह्या मला विचारतात पाणी कुठून भरता. पण आमच्या घरात सकाळच्या ठेच्याशिवाय भाकरी मोडत नाहीत, हे मलाही माहीत होतं. सोमवारी भोरचे नाले दुपारीच आटपले, पेटी पोरांच्या हाती पुण्याला पाठवली आणि स्कूटी काढून नसरापूरवरून थेट गाव गाठलं. कुणाला कळवलं नाही.

देवळासमोर भाऊ गटारात उतरला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात खराटा. टाकीवरून आणलेल्या नळीचं पाणी धो धो गटारात चाललेलं. काठावर टीसीएलचं पोतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

तो दचकला. "आक्का, तू उद्या येनार हायीस न्हवं?"

"उद्या येणार, म्हणून आज काय चाललंय?"

"गटार धुतुय की. दर सोमवारी धुतो." हे त्यानं छाती काढून सांगितलं. आधी झाडायचं, मग टाकीचं पाणी सोडायचं, मग वरून पावडर फेकायची. मंगळवारी मी येऊन जी बाटली भरायची, ती याच पाण्याची.

माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, मी काय गटार बघायला येते का, मुलगी बघायला आल्यासारखी? घाण बघायलाच पगार मिळतो मला!"

तो वर आला. खराटा खाली ठेवला आणि हात पँटीला पुसले. "तुज्यासंगं ती शिकलेली पोरं असत्यात. समदं गाव पारावर बसून बघतंय. माजी भन चार मानसांम्होरं घाणीत वाकनार, आन म्या नुसता बघत ऱ्हाऊ व्हय?"

माझा राग तिथंच निम्मा झाला. तेवढ्यात माझी नजर पोत्याकडे गेली. ते तळाला गेलं होतं.

"ही पावडर कुठली?"

"टाकीची."

"मग टाकीत काय टाकतोस?"

त्यानं मान खाली घातली. "टाकतो की थोडी थोडी. पुरवायला नगं? नवीन पोतं यायचंय अजून."

मी पारावर बसले. गटारात पावडर आणि पिण्याच्या पाण्यात चिमूटभर. आणि पाणी उकळू नका म्हणून सांगणारी मी. त्याला काविळीचं सगळं सांगितलं, गरोदर बाईचंसुद्धा. ऐकता ऐकता त्याचा चेहरा असा झाला, की मीच त्याचा हात धरला. तो म्हणाला, "म्या तिला काय पाजलं, आक्का?" मी म्हटलं, दोघांनी मिळून पाजलं.

वरच्या आळीत त्याचा खराटा अजून पोचला नव्हता. तिथलं गटार जसं असायला हवं तसंच होतं. तिथं बाटली भरली, दुकानातल्या बर्फाच्या कांड्या घालून एसटीनं पुण्याला धाडली. भावजयीला त्याच दिवशी भोरला माझ्या घरी आणलं. वाटेत तिनं विचारलं, "काय झालंय का, ताई?" मी म्हटलं, काही नाही, चार दिवस माझ्याकडे राहा. सगळा रस्ता ती पोटावर हात ठेवून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला नीट सगळं सांगितलं. तिचा तेवढा हक्क होता.

वरच्या आळीच्या बाटलीत मिरचीही निघाली आणि कावीळही. मॅडमनी लगेच आरोग्य केंद्राला कळवलं. नवीन पोतं दुसऱ्याच दिवशी आलं. गटाराखालून जाणारी पाण्याची पाइप एका ठिकाणी फुटली होती, ती भावानं स्वतः खणून काढली. वरच्या आळीतली दोन माणसं पिवळी झाली, पण वेळेवर दवाखान्यात गेली आणि बरी झाली. भावजयीच्या रक्तात काही निघालं नाही. मी उडीच मारणार होते, पण मॅडम म्हणाल्या, थांबा. ही कावीळ अंगात शिरून कित्येक दिवस गप्प बसते. महिन्याभरानं परत तपासू.

तो महिना मी कसा काढला, मलाच माहीत. रोज सकाळी चहा देताना तिच्या डोळ्यांत बघायचे. तीही समजून पापणी खाली ओढून दाखवायची. सासूबाईंनी पाण्याचा ताबा घेतला. सकाळ-संध्याकाळ पातेलं उकळायच्या, आणि पातेल्यापाशी मला उभं राहू द्यायच्या नाहीत. "तुझं गटार तू बघ," म्हणायच्या. भाऊ रोज फोन करायचा आणि जेवली का, एवढंच विचारायचा.

दुसरा रिपोर्ट आला तो बुधवार होता. मॅडमनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःच हसल्या. काही नाही. आधी झाल्याचीही खूण नाही. ती कशी वाचली, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, माहीत नाही. एवढी शिकलेली बाई सरळ माहीत नाही म्हणाली, तेव्हा मला रडू फुटलं. बाहेरच्या पायरीवर बसून पोटभर रडले. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता.

मग भावाला फोन लावला. "काही निघालं नाही रे. दोघंही चांगली आहेत."

पलीकडून त्यानं नाक ओढलेलं ऐकू आलं. मग म्हणाला, "आक्का, मंगळवारी येनार न्हवं?"

"येणार की."

"ये मग. गटाराला म्या हात लावला न्हाई. लई घान झालीय बग."

मंगळवारी गेले. खरंच लई घाण झालं होतं, नाकाला पदर लावावा लागला. पारावर सगळं गाव बसलं होतं. मी वाकले, तर भाऊ शेजारी येऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत दोरी आपल्या हातात घेऊन बादली त्यानंच आत सोडली.